बुलेट ३५०ला घरगुती ऑइल कूलर बसवायचा असेल तर तेल कुठून घ्यावं?

प्रश्न असा आहे: यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेली) बुलेट ३५० घाटात तापते, एसीची दोन सुती, म्हणजे पाव इंची, तांब्याची नळी लेगगार्डला गुंडाळून कूलर केला तर चालेल का, तेल कुठून घ्यायचं आणि तापमान किती उतरेल?

नळीचं आधी सांगतो. नाही चालणार. दोन सुती नळीचा बाहेरचा व्यास ६.३५ मिमी, आतली वाट जेमतेम ५. तीन सुतीची आतली वाट ८. तेलाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे तेवढ्याच लांबीत दोन सुती नळी सहासात पट अडवते. पहाटे गार पडलेलं १५डब्ल्यू५० इंजिन ऑइल त्यातून ढकलताना पंपाचं काय होत असेल ते बघा. शिवाय तीन मीटर नळीला वारा लागणार तो साधारण ६०० चौरस सेंमीला, म्हणजे ए-फोर कागदाच्या एका बाजूएवढा. उष्णता काढायला जाळी लागते, नळी नाही.

अशी गुंडाळी एका यूसीईवर बघितली आहे. नळी फ्लेअर नटातून बाहेर पडते तिथे केसाएवढी काळी रेघ होती. बोटाने पुसली की दहा सेकंदांत पुन्हा ओली. वर एम-सील थापलेलं, त्याच्याही कडेने पाझर. तांबं कंपनाने कडक होत जातं आणि मग तडकतं, आणि एकाच सिलेंडरच्या या इंजिनाला कंपनाची काय कमी? इंजिनाकडच्या टोकाला रेडिएटरची उरलेली नळी जोडलेली होती. ती ईपीडीएम रबराची असते. पाण्याला उत्तम, पण खनिज तेलात फुगते आणि पिठासारखी मऊ होते. वर क्लिप जितकी आवळाल तितकी ती रबरात रुतते. आणि गळणारं तेल जातं मागच्या टायरवर. तेव्हा ‘तेलाला काय, कुठलीही नळी चालते’ हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

कूलर पल्सर २२०चा घ्या, आकार आणि जाळी दोन्ही पुरेशी आहे. जुन्या बाजारातून घेणार असाल तर तो जाम झालेल्या इंजिनाचा नाही ना, हे बघा. पोटात चुरा अडकलेला असतो आणि रॉकेलने दोन्ही बाजूंनी दहा वेळा धुतला तरी सगळा निघत नाही. शंका आली तर नवा घ्या.

आता तेल कुठून. फुल-फ्लोवाले सांगतील की सगळं तेल कूलरमधून फिरवा, बायपास म्हणजे निव्वळ शोभा. कंपनीने तसं डिझाइन केलं असेल तर ठीक. घरी केलेल्या कामात मी बायपासच सांगेन, म्हणजे थोडंसंच तेल कूलरकडे वळवायचं, कारण कूलर तुंबला तरी इंजिनाला तेल मिळत राहतं. यूसीईत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारे, दाब पडला किंवा तेलात हवा शिरली की ते लगेच टकटक करतात. हेडकडे जाणाऱ्या तेलाला तर हातच लावू नका. गरम इंजिन आयडलवर असताना तिथे आधीच दाब सगळ्यात कमी असतो.

तेल घ्या ऑइल फिल्टरच्या कव्हरमधून. त्यासाठी दुसरं कव्हर विकत घ्या, मूळचं जपून ठेवा. नव्या कव्हरला आर्गन वेल्डिंगने ॲल्युमिनियमचा बॉस, म्हणजे आटे पाडायला जाड तुकडा, लावून घ्या. आट्यांना किमान १० मिमी जाडी हवी. ड्रिल ८.८ मिमी, टॅप एम १० × १.२५. वेल्डिंगने कव्हरची बैठक वाकते, काचेवर ठेवून बघा आणि घासून सपाट करा, नाहीतर ओ-रिंग बसणार नाही. बॉसच्या आत पितळेचं बूच, त्याला १ मिमीचं भोक, म्हणजे तेल मोजकंच जातं. याहून मोठं भोक पाडू नका. मोह होतो, पण दीड मिमी केलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि इंजिनाचा दाब पडतो. परतीचं तेल सरळ तेल ओतायच्या बुचात सोडा, तिथे दाब नसतो.

नळ्या हायड्रॉलिक होजवाल्याकडून क्रिंप करून घ्या. साध्या आर-१ नळीवर १०० अंश लिहिलेलं असतं, ते कमी पडतं. आर-१४ मागा. आत पीटीएफई, बाहेर स्टीलची जाळी, २०० अंशांपर्यंत निर्धास्त. फक्त ती एकदा मुडपली की तो चिमटा जात नाही. बांजोचे (नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर लालबुंद करून पाण्यात बुडवा, मऊ होतात.

कूलर पुढच्या डाउनट्यूबला (चेसिसच्या इंजिनासमोरच्या उभ्या नळीला) रबर ग्रोमेटवर, बोल्टला स्लीव्ह घालून लावा. स्लीव्ह नसली तर आवळताना रबर चिरडतं आणि कंपन थेट जाळीच्या सांध्यांवर जातं. तेल खालून आत, वरून बाहेर, म्हणजे हवा कोंडत नाही. पट्ट्याने पुढचे शॉक पूर्ण दाबून, हँडल दोन्हीकडे वळवून मडगार्ड लागतंय का बघा. मग स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, परतीच्या टोकातून तेल येईपर्यंत किक मारा. कूलर आणि नळ्या मिळून पावशेर तेल जास्त लागतं. अर्धा मिनिट चालवा, बंद करा, काचेतून पातळी बघा.

किती अंश उतरेल? आत्ता किती आहे ते तुम्ही मोजलेलंच दिसत नाही. ड्रेन बोल्टखाली रिंगवाला के-टाइप तापमानाचा सेन्सर लावा आणि घाट चढून या. ११०च्या आत असेल तर कूलर नकोच, आधी पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे का आणि मागचा ब्रेक घासतोय का ते तपासा. १३०च्या वर जात असेल तरच या कामाला लागा.

आणि हो, वॉरंटी असेल तर ती गेली समजा. थंडीत जवळच्या जवळ फिरताना जाळीवर पत्र्याचा तुकडा लावा. तेल ८०पर्यंतही पोचलं नाही तर त्यातलं पाणी उडत नाही. तेलाचं बूच उघडल्यावर आतून दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला, तर कूलर जास्त होतोय.