नियामक, नियंत्रक आणि भारनियमन

‘वीज नियामक आयोग म्हणजे भारनियमन करणारा आयोग का? आणि नियामक व नियंत्रक यांत फरक काय?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

पहिल्याचं उत्तर नाही. पण असं का वाटतं, ते समजू शकतं. लोडशेडिंगसाठी मराठीत ‘भारनियमन’ रुळला आणि ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्यांच्या कानात ‘नियमन’ म्हणजे वीज जाणं हाच अर्थ घट्ट बसला. भारनियमन करते वितरण कंपनी. आयोग विजेचे दर ठरवतो, परवाने देतो, कंपनीलाही बांधील राहावं लागेल असे विनियम, म्हणजे कायद्याखालचे नियम, करतो.

नियामक आणि नियंत्रक, दोघांच्या मुळाशी ‘यम्’ म्हणजे आवरणे हा एकच धातू. पण अमरकोश उघडून पाहा. तिथे सारथ्याच्या पर्यायांत ‘नियन्ता’ आहे आणि जहाजावरच्या खलाशांना ‘नियामक’ म्हटलंय. सारथ्याच्या मुठीत लगाम असतो. खलाशाच्या हाती ना वारा ना लाटा. तो जहाज वाटेवर ठेवतो, एवढंच. आजच्या वापरातही हा भेद उमटलाय. योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो. शिधावाटप नियंत्रक हा सरकारचाच अधिकारी, सरकारचा आदेश राबवणारा. नियामक आयोग मात्र जाहीर सुनावणी घेतो, कंपनीची याचिका आणि लोकांच्या हरकती दोन्ही ऐकतो, मग आदेश काढतो.

पूर्वी ‘नियामक’ या शब्दाची गरजच नव्हती. १९६० साली स्थापन झालेलं राज्य विद्युत मंडळच वीज तयार करी, वाटी आणि दरही लावी. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९९९ मध्ये महाराष्ट्रात आयोग आला. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या.

आता ओढाताण चाललीय ती ‘ग्राहक’ या शब्दाची. ग्राहक म्हणजे घेणारा. पण छतावर सौर पॅनेल आणि खाली नेट मीटर असलेल्या घराचं बिल पाहा: ग्रीडमधून घेतलेली युनिटं वेगळी, ग्रीडला दिलेली वेगळी. भर दुपारी हा ग्राहक देणारा असतो. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी त्याला ‘प्रोझ्युमर’ अशी स्वतंत्र ओळख दिली. मराठीत त्याला ‘उत्पादक ग्राहक’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही शब्द शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडचे आहेत. शिवाय दुपारी दिलेल्या युनिटचा हिशेब कसा धरायचा, यावर सुनावणीत बोलायला उभा राहणारा माणूस नुसता घेणारा नाही, हे त्या नावातच दिसतं.

तेव्हा ‘आयोगाने भारनियमन केले’ असं लिहू नका. ‘आयोगाने दर निश्चित केले’ आणि ‘कंपनीने भारनियमन केले’ असं लिहा.