लोकरीनं भरलेलं जहाज

प्रश्न : मंगळवार पेठेतलं जुनं घर आवरताना माळ्यावर एक फ्रेम मिळाली. लोकरीनं भरलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, शिडं चक्क फुगीर, मागं लाल झेंडा आणि त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक. मिस्टरांचे पणजोबा मुंबईला गोदीत होते, बाकी काही माहीत नाही. सासूबाई म्हणतात कुणीतरी मडमेनं वेळ घालवायला केलं असणार. खरंच का? आणि धूळ फार बसलीय, धुऊन काढू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी धुण्याचं, कारण ते ऐकून मग बाकीचं वाचा : अजिबात धुवू नका, लोकरीचा रंग सुटला की पांढरी शिडं गुलाबी होतात आणि मग कुणाच्या बापाला ती परत पांढरी करता येत नाहीत.

आता सासूबाईंचं. त्यांना सांगा, अशी चित्रं बहुतेक ब्रिटिश खलाशांनीच केलीत, साधारण 1840 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत. शिडं शिवायची, स्वतःचे कपडे शिवायचे, त्यामुळं सुई त्यांच्या हातात बसलेलीच असायची, आणि कापड म्हणून बऱ्याचदा शिडाचंच जाड कापड. जहाजाच्या दोऱ्या बघा, त्या लोकरीच्या नसून बारीक सुती दोऱ्याच्या असतील, आणि कुठली दोरी कुठं बांधलीय हे बरोबर असेल तर करणारा जहाजावरचाच समजा. शिडं फुगीर दिसतात कारण आतून भरण घातलेलं असतं.

झेंड्यावरून काळ थोडा कळतो. 1864 पर्यंत ब्रिटिश आरमारात लाल, पांढरा, निळा असे तिन्ही झेंडे चालायचे, नंतर आरमाराला पांढरा आणि लाल राहिला व्यापारी जहाजांना. म्हणजे तुमचं एकतर व्यापारी जहाज, नाहीतर 1864 च्या आधीचं लढाऊ. बाजूला तोफांच्या खिडक्या दिसल्या तरी लगेच उड्या मारू नका, व्यापारी जहाजंही नुसत्या रंगवलेल्या खिडक्या मिरवायची.

फ्रेम उघडली तर उलटी बाजू नक्की बघा. 1856 साली लंडनमध्ये पर्किननं पहिला कृत्रिम रंग काढला, त्यानंतर असले भडक जांभळे-किरमिजी रंग लोकरीत आले, पण उन्हात ते उडतात. समोरून मातकट दिसणारा धागा मागून अजून झगझगीत निघतो, माझ्या मते या चित्रांची खरी मजा तिथंच आहे.

कसर लागलीय असं वाटलं तर काच-लाकूड काढून चित्र प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा (मटण आधी संपवा, कोल्हापुरात ते काही अवघड नाही), बाहेर काढल्यावर गार उतरेपर्यंत पिशवी उघडायची नाही. खिळे गंजलेले असतील तर ओढाताण न करता फ्रेमवाल्याकडे न्या, पण त्याला 'साफ करून द्या' असं चुकूनही म्हणू नका. आणि पावसात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.