धुळं नेमकं कोणी वसवलं?

प्रश्न : आमच्याकडे सगळे म्हणतात धुळं ब्रिग्ज या इंग्रज साहेबानं वसवलं, खरं का?

उत्तर : अर्धंच खरंय. १८०३ चा दुष्काळ आणि होळकरांच्या फौजेची लूटमार यात गाव पार ओस पडलेलं, ते १८०४ च्या सुमारास पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत या माणसानं परत माणसं आणून वसवलं, त्याबद्दल त्याला इनाम जमीनही मिळाली. पहिला मान त्याचाच, आणि आज त्याचं नावही कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. कॅप्टन ब्रिग्ज आला १८१८ मध्ये, त्यानं धुळं खानदेशचं मुख्य ठाणं केलं, लांबून कारागीर बोलावले, घर बांधायला कायमची बिनभाड्याची जागा दिली, वर पैशांची उचलही दिली, म्हणून व्यापारी आले आणि पांझरा नदीकाठी नवी पेठ उभी राहिली.