वाचकांचे प्रश्न : विशेष मुलांसाठी मागावे काय आणि कोणाकडे?

प्रश्न : माझा नातू साडेसात वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तो इंदूरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. ‘शॅडो टीचर (वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारा सहायक) तुमच्या खर्चाने आणा, नाहीतर दुसरी शाळा पाहा,’ असे शाळेने तोंडी सांगितले. अशाच अडचणीतील राजेंद्र नगर, सुदामा नगर भागातील काही मराठी कुटुंबे मिळून ‘विशेष मुलांसाठीच्या सोयी सुधाराव्यात’ असे निवेदन कलेक्टर कचेरीत देणार आहोत. त्यात काय लिहावे?
— एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, निवेदन अवश्य द्यावे; मात्र ‘सोयी सुधाराव्यात’ हे वाक्य त्यातून आधी काढून टाकावे. ज्या मागणीची मोजदाद होत नाही, तिच्यावर ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढा शेरा पडतो आणि कागद फाईलला लागतो.

प्रथम शाळेविषयी. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016च्या कलम 16प्रमाणे, सरकारी अनुदान असलेल्या किंवा केवळ मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि त्याच्या गरजेनुसार वैयक्तिक साहाय्यही पुरवायचे आहे. पालकांनी स्वखर्चाने सहायक आणावा, अशी अट या कायद्यात कुठेही नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता, कोणत्याही शाळेला आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. तेव्हा तोंडी बोलण्याला तोंडी उत्तर देत बसू नये. ‘अमुक तारखेला आपण आम्हांस असे सांगितले, त्याचे कारण व नियम लेखी कळवावा,’ एवढेच पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. पुष्कळ शाळांचा आवाज हे पत्र पाहूनच खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

आता निवेदन. अशा मुलांच्या सेवेचा कणा म्हणजे प्रशिक्षित विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. आपल्याकडे सरकारी शाळांसाठी विकासखंड (ब्लॉक) पातळीवर फिरते विशेष शिक्षक असतात, ज्यांना सगळे ‘एमआरसी’ म्हणतात. पण एका माणसाकडे कितीतरी शाळा असल्यावर एका मुलाच्या वाट्याला किती वेळ येणार? म्हणून जिल्हा शिक्षा केंद्राला नेमके विचारावे : आमच्या विकासखंडात नोंदलेली विशेष मुले किती, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले विशेष शिक्षक किती, प्रत्येक शाळेत ते कोणत्या वारी येतात, आणि मागच्या सत्रात प्रत्येक मुलाजवळ किती वेळा बसले. हीच माहिती दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारातही मागता येते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मला विचाराल तर आधी हा अर्ज करावा, उत्तर हाती आल्यावर त्यातील आकडे घेऊन मोती तबेल्यातील कलेक्टर कचेरीत मंगळवारच्या जनसुनवाईला (नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीला) सर्व कुटुंबांनी मिळून जावे आणि अर्जाची पावती घेतल्याशिवाय परतू नये.

181 क्रमांकाच्या सीएम हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पुढे समाधान झाले का, हे विचारणारा फोन येतो; काम प्रत्यक्ष झालेले नसेल, तर समोरचा कितीही गोड बोलला तरी ‘हो’ म्हणू नये.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची असून उशिरा बोलू लागली. शाळेत हिंदी-इंग्रजी, घरी मराठी. ‘घरात मराठी बंद करा, मुलगी गोंधळते,’ असे एका ओळखीच्यांनी सुचवले. सासूबाईंना तर हिंदीत तिच्याशी बोलताच येत नाही.
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मराठी मुळीच बंद करू नये. दोन भाषा कानांवर पडल्यामुळे बोलण्यातील दोष निर्माण होतो किंवा वाढतो, असे संशोधनातून दिसलेले नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही नाही. घरच्या मंडळींनी तोडक्यामोडक्या हिंदीत मोजकी वाक्ये बोलण्यापेक्षा आजीने ‘दूध सांडलं, चल पुसू’ असे दिवसभर बोलत राहणे मुलीला कितीतरी उपयोगी पडते. स्पीच थेरपी हिंदीत होत असेल, तर तेथे शिकवलेले शब्द वहीत उतरवून घरी मराठीत वापरावेत आणि थेरपिस्टला घरची भाषा पहिल्याच भेटीत सांगावी. श्रवणाची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही सेवा विनामूल्य मिळते.

प्रश्न : मुलाचे दिव्यांगत्व तीस टक्के निघाले. चाळीसच्या खाली असल्याने शाळा काहीच करायला तयार नाही.
— एक वडील, इंदूर

उत्तर : चाळीस टक्क्यांची अट आरक्षण, दिव्यांगजन अधिकार अधिनियमाच्या कलम 31मधील मोफत शिक्षण आणि काही योजनांपुरती आहे. त्याच कायद्याच्या कलम 16मधील वैयक्तिक साहाय्य, वर्गातील बदल आणि प्रगतीवरील देखरेख यांना ती लागू नाही. हे कलम नमूद करून शाळेला पत्र द्यावे आणि सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी.