जुन्या मल्टीमीटरमध्ये सेल फुटलेत, सोड्याने साफ करू का?

अल्कलाइन सेल असतील तर सोड्याने अजिबातच नको. तुम्ही लिहिलंय की वडिलांचा काट्याचा मीटर माळ्यावर सापडला, आत पांढरं-हिरवं साचलंय, कुणीतरी खायचा सोडा लावा म्हणालं, आणि सेल बसतात ती पत्री सडून गेली ती कुठं मिळंल. हे ‘कुणीतरी’ कोण मला माहीत नाही, पण आमच्या साडूंच्या नात्यातले असावेत.

परभणीला माझं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान, आता अर्धं मोबाईल कव्हरचं झालंय ते सोडा. माझ्याकडं 20 हजार ओहम पर व्होल्टचा जपानी मीटर होता, दुकानाच्या पहिल्या कमाईतून घेतलेला. 2012 ला साडू जिंतूरहून आले आणि बोअरच्या स्टार्टरचं काहीतरी बघायचंय म्हणून घेऊन गेले. साडू मोठे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही आणि परत मागायची तर त्याहून नाही. 2018 ला भाच्याच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा तो त्यांच्या लोखंडी कपाटात दिसला म्हणून परत आला, नाहीतर आजही तिथंच असता. माझे साधे सेल काढून त्यांनी महागाचे अल्कलाइन टाकले होते, “तुझ्या मीटरला चांगले सेल टाकून दिले” हे वरून ऐकवलं. सहा वर्षं तेच सेल, वर पत्र्याची खोली, आणि आमच्याकडचा मे महिना 44-45 चा. वापरला नाही तर सेल फुटतील कसे, हे त्यांचं म्हणणं अजून आहे. अहो पडून राहूनच फुटतात, आतलं जस्त हळूहळू झिजतं, हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढला की सील सुटतं, आणि उन्हानं हे सगळं लवकर होतं.

बरं फुटले ते फुटले, साडूंनी त्यावर सोड्याचा लगदा थापला होता. सेल न काढता! आणि वरून बोअरचं पाणी ओतून धुतला होता. कामून, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीला असंच करतात. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाचं अ‍ॅसिड असतं, तिथं सोडा बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण अल्कलाइन सेलात अ‍ॅसिड नसतंच, पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कडक खार. तो बाहेर आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पोटॅशियम कार्बोनेट होतो, तीच ती पांढरी बुरशी, पापडखाराचा चुलतभाऊच. खारावर खार टाकून काय, पापड लाटायचेत? त्याला आंबट लागतं, आजी तांब्याचा हंडा चिंचेनं घासायची ना, तसं. पांढरं व्हिनेगर, नाहीतर लिंबू.

मी तिथंच त्यांच्या स्वयंपाकघरातून लिंबू आणून पिळून दाखवलं, फसफस झाली. तर म्हणतात, माझा सोडाच फसफसतोय! आता हे चुकीचं पण नव्हतं, सोडाही लिंबानं फसफसतोच. मग सेल उचकटून काढले, त्यांच्या बुडाखाली लगदा पोचलाच नव्हता, तिथं थेंब टाकला, तिथंही फसफस. साडू म्हणाले, चला, जेवणं थंड होतायत.

घरी येऊन पूर्ण खोलला. व्होल्टची रेंज नीट, ओहमची, म्हणजे रेझिस्टन्स मोजायची, मेलेली. हे तुम्हीही आधी बघा, व्होल्ट मोजायला असल्या साध्या काट्याच्या मीटरला सेल लागतच नाही, त्यामुळं व्होल्ट चालत असेल तर काटा आणि कॉइल जिवंत आहे, भंगारात घालू नका. इअरबडनं व्हिनेगर लावलं, फसफस थांबेपर्यंत, मग बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर (दुकानात नीट सांगून घ्या, नाहीतर अ‍ॅसिड देतील), मग आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. तरी ओहमला प्रोब (मोजायच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवले तर काटा शून्यावर येईना. सेलपासून जाणारी लाल वायर सोलली तर आत तांबं काळं, खार वायरच्या आतून चढत चढत पार वरपर्यंत गेलेला. काळ्या वायरला सोल्डर धरत नाही, घासत बसू नका, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा नाहीतर वायरच बदला. ओहमच्या सगळ्यात खालच्या ×1 रेंजला प्रोब जोडले की असल्या मीटरात 150 मिलीअँपच्या आसपास जातात, तिथं थोडासा गंजसुद्धा शून्य येऊ देत नाही. बोर्डावरची तांब्याची एक रेघ (ट्रॅक) खाराने खाल्लेली होती, त्यावर वायरचा एक तार टाकला.

झालं असं वाटलं. पावसाळा लागला आणि ओहमच्या सगळ्यात वरच्या ×10k रेंजला प्रोब मोकळे असताना काटा आपोआप सरकायला लागला. चार दिवस मी कॉइलवर संशय घेतला. ते होतं साडूंचं धुणं, बोअरच्या पाण्यानं सोडा आणि खार रेंज बदलायच्या गोल फिरत्या स्विचच्या पट्ट्यांमधे नेऊन बसवलेला, तो हवेतला ओलावा ओढतो आणि करंट गळतो. स्विच पुन्हा डिस्टिल्डनं दोनदा धुतला, दोन दिवस वाळवला, तेव्हा काटा जागेवर थांबला. आणि मागच्या दिवाळीत चार लोकांत साडू सांगतात, मी वेळेवर सोडा लावला म्हणून मीटर वाचला.

राहिलंच, तुमच्या मीटरात साधे झिंक-कार्बन सेल असतील तर गळलेलं थोडं आम्लाकडं असतं, तिथं सोड्याचं पाणी चालतं. हे साडूंपर्यंत पोचू देऊ नका. जुन्या मशीनच्या बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असते ती मात्र अल्कलाइनसारखीच, व्हिनेगर. व्हिनेगर काट्याच्या कॉइलजवळ नेऊच नका, रात्रभर भिजतही ठेवू नका. आणि चष्मा-हातमोजे घाला, हे मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, खार डोळ्यात गेला तर लई वाईट.

पत्री म्हणाल तर जुन्या टॉर्चमधली किंवा मेलेल्या रिमोटमधली कापून बसते, मी तसंच केलं. तुमच्या मीटरची मापं मला माहीत नाहीत.

माझा मीटर आता सेल काढून दुकानात खणात असतो. त्याच्या प्रोबच्या वायरी अजून जिंतूरलाच आहेत.