साठ ताटे

«ताई, मी निपाणीजवळच्या एका गावात राहतो आणि पतसंस्थेत नोकरी करतो. आई, पत्नी, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा अशी आम्ही पाच माणसे आहोत. दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी सर्वांना ६ दिवस फिरवून आणतो आणि खर्च २५,००० रुपयांच्या वर जाऊ देत नाही. स्टोव्ह आणि शिधा बरोबर असतो, त्यामुळे जेवणाचा खर्च शून्य. पाऊसपाणी आणि गर्दी पाहून वाटेत ठिकाण बदलता यावे म्हणून बेत मी मोकळा ठेवतो. पत्नीला मात्र असा बदल मुळीच खपत नाही. गेल्या वर्षी किनारपट्टीवर पाऊस असल्याचे कळल्यावर हुबळीच्या बसस्थानकावर मी गोकर्णाऐवजी हंपीला जाऊ या म्हटले, तर ठरलेल्या धर्मशाळेतच जायचे म्हणून ती अडून बसली. शेवटी भर पावसात गोकर्ण झाले. यंदा बदामी आणि हंपी मनात आहे. तिचा हा हट्ट कसा घालवावा?»

प्रिय बंधू,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले. तो शब्द म्हणजे ‘शून्य’. पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाने हा आकडा कसा मांडला, हे मला समजत नाही. पाच माणसे, ६ दिवस आणि दिवसाची दोन जेवणे, म्हणजे ६० ताटे होतात. त्यात दोन वेळचा चहा, नाष्टा, भांडी घासणे आणि मुलांच्या मधल्या भुका मी धरलेल्याच नाहीत. ही ताटे कोणीतरी पहाटे उठून, परक्या गावच्या नळावरून पाणी भरून, जमिनीवर बसून तयार केली आहेत. तुमच्या वहीत त्यांची किंमत शून्य आहे, कारण ही ताटे वाढणारे माणूस तुमच्याकडे कधी पैसे मागायला आले नाही. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता हुबळीच्या स्थानकावर परत चला. ज्याला तुम्ही हट्ट म्हणता, तो मला साधा व्यवहार दिसतो. खोलीत स्टोव्ह पेटवू देणारी जागा सर्वत्र मिळत नाही. ठरलेल्या धर्मशाळेत तो पेटवता येईल, हे त्यांना ठाऊक होते, आणि हंपीत रात्री उशिरा पोहोचल्यावर सासूबाईंना आणि दोन लेकरांना काय वाढायचे, याचे उत्तर त्या क्षणी तुमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. बेत तुमच्या बाजूने मोकळा होता, कारण तुमच्या खांद्यावर फक्त कपड्यांची पिशवी होती. पिठाचा डबा, तेलाची बाटली, डाळ-तांदूळ आणि तवा ज्यांना सांभाळायचा आहे, त्यांना वाट बदलणे परवडत नाही. शिवाय स्टोव्हच्या इंधनासारखे ज्वालाग्राही सामान रेल्वेत नेण्यास कायद्याने मनाई आहे आणि गर्दीच्या बसमध्येही ते धोक्याचेच असते, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल तर मी सांगते.

आपल्याकडे सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाताना शिधा बरोबर नेऊन नैवेद्य तिथेच रांधण्याची रीत आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तो देवीसाठी मनापासून केलेला स्वयंपाक असतो. तुमच्या सहलीतल्या स्वयंपाकामागे केवळ काटकसर आहे, आणि ती सगळी एकाच माणसाच्या झोपेतून काढलेली आहे.

तेव्हा यंदा स्टोव्ह घरी राहील. याला पर्याय मी सुचवणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारालच, म्हणून तोही मांडते. ६ दिवसांचे ४ दिवस करा. हंपी पुढच्या वर्षी पाहा आणि यंदा बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे एवढेच ठेवा. पट्टदकल बदामीपासून सुमारे २२ किलोमीटरवर आहे आणि ऐहोळे त्याच्या पुढे, त्यामुळे एकाच गावी मुक्काम करून तिन्ही ठिकाणे निवांत होतात. ताटाला १५० रुपये धरले तरी दिवसाचे १,५०० आणि चहा-नाष्ट्याचे ५०० मिळून ४ दिवसांचे ८,००० रुपये होतात, जे तुमच्या २५,००० मध्ये बसतात. प्रवासाचा भारही हलका आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या आणि वेगदूत म्हणजे जलद बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे, म्हणजे तुमच्या घरातल्या तिघींचे तिकीट लागत नाही. फक्त राज्याचा पत्ता असलेले ओळखपत्र तिघींजवळ असू द्या. ही सवलत सीमेपलीकडे चालत नाही, त्यामुळे कोल्हापूरमार्गे कोकणात उतरण्यापेक्षा बेळगाव, बागलकोट, बदामी ही वाट तुमच्या खिशाला सोयीची आहे. तुम्ही ज्या मोकळेपणासाठी धडपडता, तोही इथेच सापडतो: लांबच्या आरक्षणात पैसे अडकत नाहीत, आणि पावसामुळे दोन दिवस उशिरा निघालात तरी रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे कापले जात नाहीत. पहिल्या रात्रीची खोली तेवढी आधी सांगून ठेवा. आपल्या भागातल्या मराठी शाळांनाही कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याचीच मोठी सुट्टी असते आणि पलीकडच्या शाळांना दिवाळीची, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडची गर्दी त्या दिवसांत कमी असते, हाही तुमचा फायदाच आहे.

बदामीची लेणी उन्हे चढण्याआधी पाहावीत. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. आजवरच्या तुमच्या सहलींत ही सकाळची वेळ तुमच्या पत्नीने भाकऱ्या थापण्यात घालवली असणार, आणि त्या काळात तुम्ही मुलांना घेऊन काय काय पाहून आलात, ते त्यांना नंतर सांगितले असणार. यंदा त्या पायऱ्या त्यांनी तुमच्याबरोबर चढायच्या आहेत. दुपारी बदामीजवळच्या बनशंकरीच्या देवळाशी जा. तिथे गावातल्या बायका टोपलीत ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसलेल्या असतात. तिथे आपल्या पत्नीला आधी बसवा आणि पहिली भाकरी त्यांच्या हातात द्या.

जेवणाचे ८,००० रुपये निघण्यापूर्वीच त्यांच्या हाती सोपवा, आणि त्यातले काही उरले तर ते परत मागू नका. वाटेत ठिकाण बदलायचे झाल्यास ते या वेळी त्यांनी बदलावे. आणि निघण्याच्या आदल्या रात्री सवयीने पिठाचा डबा पिशवीजवळ आलेला दिसला, तर तो तुमच्या हाताने उचलून फळीवर परत ठेवा.