'सोसणे', 'स्वीकारणे' आणि 'सादर असणे'

लातूरच्या एका समुपदेशक ताईंचा प्रश्न असा आहे : "'दुःखाचा स्वीकार करा' म्हटले की आमच्याकडच्या बायका 'सोसतोच की, ताई' असे उत्तर देतात. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नसतील, तर काय म्हणावे?"

ते एकाच अर्थाचे नाहीत. झळ, खर्च, तोटा, सासुरवास हे सगळे सोसायचे असते, म्हणजे ओझे उतरेपर्यंत उभे राहायचे असते. त्या ओझ्याकडे पाहिलेच पाहिजे, अशी 'सोसणे'ची अट नाही. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यात हा मानाचा शब्द आहे, त्यामुळे त्या बायकांचे उत्तर त्यांच्या परीने बरोबरच आहे. 'सहन करणे'ही फारसे उपयोगी नाही, कारण 'सह्' धातूचा वैदिक अर्थच मुळी 'मात करणे' असा होता आणि 'साहस' त्याच कुळातला आहे. उलट 'स्वीकारणे' आपण राजीनामा, निमंत्रण, पद यांच्यासाठी वापरतो, त्यात संमती असते; म्हणून नवरा गमावलेल्या बाईला 'दुःख स्वीकारा' हे 'झाले ते मान्य करा' असे ऐकू येते.

तुकोबांच्या 'आलिया भोगासी असावे सादर' या चरणातला 'सादर' मला ताईंना हव्या असलेल्या अर्थाच्या, म्हणजे दुःख न दाबता त्याच्याकडे पाहण्याच्या, सर्वांत जवळचा वाटतो. आज आपण अर्ज सादर करतो, पण येथे त्याचा अर्थ आदराने, लक्षपूर्वक समोर असणे असा आहे. (पुढचा 'देवावरी भार घालूनियां' हा भाग बहुतेक जण गाळतात, अभंगाचा रोख मात्र शरणागतीवरच आहे, हे विसरू नये.) तरीही समुपदेशनात हा चरण जसाच्या तसा वापरू नये, कारण 'माझे भोग' म्हणताना बोलणारीच्या मनात पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा असते.

त्यापेक्षा मराठीच्या वाक्यरचनेचाच आधार घ्यावा. 'मला राग आला', 'तिला रडू आले' या वाक्यांत कर्ता राग आणि रडू हे आहेत. माणूस चतुर्थीत, म्हणजे ज्याच्याकडे ते येतात त्या जागी आहे. माणूस कर्ता होतो तो 'राग गिळला', 'राग धरला', 'रडू आवरले' असे म्हणताना, आणि ताईंना नेमके तेच थांबवायचे आहे. म्हणून 'स्वीकार करा' असे न सांगता "रडू येतंय ना, येऊ द्या, मी बसलेय इथं" असे म्हणावे. त्यावर 'सोसतोच की' हे उत्तर येणार नाही, असा माझा अंदाज आहे.